नामे आणि क्रियापदे : जपानी नाट्य-चित्रपटाची परिभाषा शिकताना

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी जपानी शिकू लागलो आणि चौथ्या वर्षी एका आधुनिक एकांकिकेची मूळ संहिता प्रथमच हाती घेतली. पहिल्याच पानावरील रंगसूचनेत दोन चिन्हे शेजारी शेजारी उभी होती : 'वर' आणि 'हात'. ही दोन चिन्हे एकत्र आली की 'जोझु' असा शब्द होतो व त्याचा अर्थ 'कुशल', 'निष्णात', हे कोणताही प्राथमिक विद्यार्थी जाणतो. कारण परक्या माणसाने जपानीत दोन वाक्ये उच्चारली की समोरचा जपानी माणूस सौजन्याने प्रथम हाच शब्द उच्चारतो. पुढच्या ओळीत 'खाली' आणि 'हात' : 'हेता', म्हणजे अनाडी. मी भाषांतर केले : पाहुणा कुशलतेने प्रवेश करतो, मोलकरीण अनाडीपणे निघून जाते. 'पासून' या अर्थाचे एक अव्यय मध्ये लुडबुडत होते आणि ते वाक्यात नीट बसत नव्हते, हे खरे. पण तेवढ्यासाठी थांबावे असे वाटले नाही. उलट समासात मी पेन्सिलीने टिपण केले : 'देहबोलीतून वर्गभेदाचे सूचन.'

आम्हाला शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने बारा-तेरा वर्षांनी लहान होत्या. मी मराठीचा प्राध्यापक म्हणून त्या मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना 'बाई'. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, इथे हे 'कामिते' असं वाचायचं. प्रेक्षकांच्या उजव्या हाताची बाजू. आणि ते 'शिमोते', डावी बाजू." पाहुणा उजव्या विंगेतून आला होता व मोलकरीण डावीकडून गेली होती, इतकेच.

चूक विद्यार्थ्याची होती. समासातले टिपण मात्र समीक्षकाचे होते, आणि ते मला अधिक काळ छळत राहिले. जे कळले नाही तेथे सिद्धान्त भरून टाकण्याची ही सवय केव्हा लागली? प्रस्तुत लेखाचा विषय जपानी शब्दसंग्रह हा असला तरी या प्रश्नापासून तो वेगळा करता येत नाही.

जपानी येण्यापूर्वीच माझ्याकडे जपानी संज्ञा होत्या. माझ्या पिढीतील अनेकांना जपानचे पहिले दर्शन पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधून घडले. पुढे पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात कुरोसावा, मिझोगुची, ओझू यांचे चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिले. इंग्रजी समीक्षाग्रंथांतून 'यूगेन', 'मा', 'मोनो नो आवारे' हे शब्द उचलले. 'यूगेन' म्हणजे जवळजवळ ध्वनी, 'हाना' म्हणजे चमत्कृती, 'आवारे' म्हणजे करुणाची शान्ताकडे झुकलेली छटा, असे समीकरणांचे एक कोष्टक मी पदव्युत्तर वर्गात फळ्यावर मांडीत असे. विद्यार्थी ते उतरवून घेत. तौलनिक काव्यशास्त्राचे काम असेच चालते असे मलाही वाटत होते, आणि खोटे कशाला बोला, कोष्टक देखणे होते.

बाईंच्या वर्गात यातील एकही शब्द तीन वर्षे उपयोगी पडला नाही. अपवाद 'मा'चा, आणि तोही अवमानकारक रीतीने. ओझूच्या चित्रपटातील रिकाम्या चौकटी, म्हणजे ओसरी, किटली, वाळत घातलेले कपडे, यांविषयी लिहिताना 'मा' म्हणजे सृजनशील अवकाश, शून्यतेचे कलात्म रूप वगैरे मी बरेच लिहिले होते. वर्गात हा शब्द प्रथम भेटला तो 'मा नि आउ' या प्रयोगात. म्हणजे गाडी चुकता चुकता मिळणे, वेळेत पोचणे. मग भेटला 'मानुके' : ज्याच्यातला 'मा' गळाला आहे असा माणूस, सरळ मराठीत बावळट. 'मा' म्हणजे खोलीही. नो नाटकात ज्या खोलीत नट मुखवटा चढवतो तिचे नाव 'कागामी नो मा', आरशाची खोली. गाडी, बावळट आणि खोली या तिघांत वावरणारा हा शब्द मी एकट्या ओझूच्या गळ्यात बांधला होता. रंगमंचावरील 'मा' खोटा नाही. पण जपानी नट त्याविषयी बोलतो ते 'मा' चांगला आहे किंवा वाईट आहे, तो घेतला, तो सुटला, अशा भाषेत. आपल्याकडे गायक जागा घेतो, विनोदी नट हशाची जागा सोडतो, त्याच घरगुती सुरात. 'जागा' या मराठी शब्दावर अजून कोणी तत्त्वज्ञान रचलेले नाही हे त्याचे भाग्य.

बाईंनी दिलेल्या पहिल्या शब्दयादीत 'एइगा' होता : 'एइ' म्हणजे पडलेले प्रतिबिंब, 'गा' म्हणजे चित्र. त्याआधी जपानात या वस्तूला 'कात्सुदो शाशिन', म्हणजे हालती छायाचित्रे, म्हणत. इंग्रजी शब्द त्या पातळ पापुद्र्याकडे पाहतो, जपानी शब्द उमटणाऱ्या प्रतिबिंबाकडे आणि आपला 'चित्रपट' कापडाकडे. चित्रकथीच्या परंपरेला तो उपरा वाटू नये. पुढचा शब्द 'गिनमाकु' वाचून तर मी वर्गातच मोठ्याने 'रुपेरी पडदा' म्हणालो. दोन्ही भाषांनी एकाच इंग्रजी शब्दावरून हा प्रयोग घडवला, हे उघड आहे. लक्षात घेण्याजोगे आहे ते हे की दोघींनीही चित्रपट जेथे उमटतो त्या पृष्ठभागाला नाटकाच्या पडद्याचेच नाव दिले. काबुकीचा 'माकु' आणि चित्रपटाचा 'माकु' एकच. संगीत नाटकाचा पडदा आणि सिनेमाचा पडदा एकच. चित्रपट दोन्हीकडे नाटकाच्या घरी पाहुणा म्हणून आला, याची ही भाषिक नोंद. घर मात्र लवकरच बदलले : १९३१ साली जपानचा पहिला यशस्वी बोलपट आला, त्याच वर्षी आपल्याकडे 'आलम आरा' आणि पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा'. जपानात मूकपटाशेजारी उभा राहून कथा सांगणारा, पात्रांचे संवाद बोलणारा 'बेन्शी' त्यानंतर काही वर्षांतच नाहीसा झाला. तोही नाट्यगृहातूनच आला होता. बाहुलीनाट्यातील निवेदकाचा तो दूरचा वंशज.

दिग्दर्शकाच्या बाबतीत मात्र दोन भाषा फुटतात. मराठीत नाटकाचा तो दिग्दर्शक आणि चित्रपटाचाही दिग्दर्शक. जपानीत चित्रपटाचा दिग्दर्शक 'कान्तोकु', म्हणजे देखरेख करणारा. बांधकामावरचा मुकादम आणि बेसबॉल संघाचा व्यवस्थापक यांनाही हाच शब्द. नाटक बसवण्याच्या कामाला 'एन्शुत्सु', म्हणजे प्रयोगातून बाहेर आणणे. पहिल्या शब्दात माणसांवरची सत्ता आहे, दुसऱ्यात संहितेतून काही काढण्याचे श्रम आहेत. काबुकीत तर परंपरेने दिग्दर्शक नव्हताच. मंडळीचा प्रमुख नट ठरवील ती दिशा. आपल्या नाटक मंडळ्यांत 'तालीम मास्तर' होते. 'दिग्दर्शक' हा शब्द ज्या काळात आला त्या काळात ते कामही नव्याने आकाराला येत होते. आणि आपण आज किर्लोस्कर मंडळीच्या प्रयोगांविषयी लिहिताना 'दिग्दर्शन' हा शब्द बेधडक वापरतो तेव्हा नसलेला माणूस रंगमंचावर उभा करतो. हे मला जपानी शिकताना सुचले, मराठी नाट्येतिहास पंचवीस वर्षे शिकवताना नव्हे.

नामांचा हा खेळ मनोरंजक असतो. त्यात रमावेसे वाटते. शंभर नामे पाठ झाल्यावरही मला नाटकाविषयी एक वाक्य बोलता येत नव्हते, कारण क्रियापदे येत नव्हती. माझी तक्रार ऐकून बाईंनी एकदा विचारले, "सर, मराठीत नाटक काय करतात?" मी म्हणालो, "बसवतात." त्या म्हणाल्या, "का?" मला उत्तर आले नाही. नाटक बसते, रंगते, पडते, भूमिका वठते, नट नक्कल पाठ करतो, टाळी घेतो. यातील एकही क्रियापद दुसऱ्या भाषेत उचलून नेता येणार नाही, आणि एकाचेही कारण आपण स्वतःला विचारलेले नसते.

जपानीत नाटक मारतात, ठोकतात : 'शिबाइ ओ उत्सु.' याचा दुसरा अर्थ सोंग करणे, बनाव रचणे. 'नाटक करू नकोस' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो सांगावा लागत नाही. दोन्ही समाजांनी नाट्यकलेवर प्रेमही केले आणि तिच्या नावाने लबाडीही ओळखली. 'शिबाइ' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र गवतावरची बसायची जागा. देवळाच्या आवारात चाललेला खेळ सामान्य लोक जेथे बसून पाहत त्या हिरवळीचे हे नाव पुढे खेळालाच चिकटले. नाट्यप्रकाराला प्रेक्षकाच्या बैठकीचे नाव मिळावे, याचा विचार नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाने करावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वाङ्मयाच्या संपर्कानंतर 'एन्गेकि' हा सुसंस्कृत, विद्यापीठीय शब्द रुळला. आज विद्यापीठात 'एन्गेकि' शिकवतात आणि लोक 'शिबाइ' पाहायला जातात. नटासाठीही तसेच दोन शब्द : 'हाइयू' प्रतिष्ठित, 'याकुशा' जुन्या मातीतला. वाईट नट मात्र नेहमी 'याकुशा'च : 'दाइकोन याकुशा', म्हणजे मुळा-नट. मुळ्याने कधी पोट बिघडत नाही आणि असा नट कधी यशस्वी होत नाही. 'लागणे' या अर्थाचे एकच जपानी क्रियापद दोन्हींकडे चालते, असे त्याचे एक स्पष्टीकरण देतात. काबुकीतला नट उत्कट क्षणी देह व नजर गोठवून जी मुद्रा धारण करतो ती 'मिए'. ती करत नाहीत, कापतात. रंगमंचावर पाऊल ठेवत नाहीत, तो तुडवतात. अभिनय सहज झाला की तो 'फळीला चिकटला' असे म्हणतात. पूर्वी नाट्यगृहाबाहेर नटांच्या नावांच्या पाट्या लागत. दुसरी पाटी देखण्या प्रियकराची आणि तिसरी विदूषकाची. त्यामुळे 'दुसरी पाटी' म्हणजे देखणा पुरुष आणि 'तिसरी पाटी' म्हणजे विनोदी माणूस, असा अर्थ रूढ झाला, तो चित्रपटांतही गेला आणि घराघरांतही. काबुकीच्या रंगमंचाखालील अंधाऱ्या जागेचे, जेथून एकेकाळी माणसे फिरता रंगमंच ढकलीत, नाव 'नाराकु'. उच्चार दोनदा करून पाहावा. हा आपला नरकच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेला.

'ओमुको' या शब्दाने माझा एक पूर्वग्रह मोडला. याचा अर्थ 'पार पलीकडे' : नाट्यगृहातील सर्वांत मागची, सर्वांत स्वस्त जागा, आणि तेथे बसणारा प्रेक्षक. 'ओमुकोला हुंकारायला लावणे' म्हणजे श्रेष्ठ अभिनय करणे. कारण रोज येणारे, परंपरा जाणणारे जाणकार तेथेच बसत, आणि नटाच्या घराण्याचे नाव नेमक्या क्षणी मोठ्याने पुकारत. तो क्षण अर्ध्या श्वासाने चुकला तर मुद्रा विस्कटते. म्हणजे 'मा' प्रेक्षकालाही सांभाळावा लागतो. आपण 'पिटातला प्रेक्षक' हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारतो? पिटासाठी केलेला अभिनय हे मराठी समीक्षेत दूषण आहे. मी स्वतः ते अनेकदा दिले आहे. वन्समोर घेणाऱ्या त्या प्रेक्षकाला बालगंधर्वांच्या कोणत्या पदातील कोणती जागा कोणत्या प्रयोगात कशी गेली हे तोंडपाठ असे, हे आपणच लिहितो आणि तरीही त्याला रसिकतेच्या पायरीखाली उभे करतो.

नो नाटकाच्या मुखवट्याला 'ओमोते' म्हणतात, आणि हाच शब्द चेहरा, दर्शनी बाजू यांसाठीही आहे. टोपी घालण्याचे क्रियापद त्याला चालत नाही. 'ओमोते' टांगतात, अडकवतात. मुखवटा चेहऱ्याहून लहान असतो, नटाची हनुवटी खालून दिसत राहते. म्हणजे लपवणे हा हेतूच नाही. चेहऱ्यावर चेहरा टांगलेला आहे. 'मुखवटा' या मराठी शब्दाला चिकटलेला ढोंगाचा वास मी वर्षानुवर्षे नो-विषयक व्याख्यानांत मिसळत आलो होतो. लाकडाच्या त्या स्थिर चेहऱ्यावर भाव कसे येतात, यासाठी दोन क्रियापदे आहेत. मुखवटा किंचित वर उचलणे म्हणजे 'तेरासु', उजळवणे. किंचित खाली झुकवणे म्हणजे 'कुमोरासु', ढगाळणे. चेहरा बदलत नाही. त्यावरचे हवामान बदलते. ही दोन क्रियापदे शिकल्यानंतर मी कुरोसावाचा १९५७चा 'कुमोनोसु-जो' पुन्हा पाहिला. मॅकबेथच्या या जपानी रूपात पत्नीचे काम करणाऱ्या इसुझु यामादाचा चेहरा नोच्या मुखवट्यासारखा निश्चल आहे, हे मी पूर्वी लिहिले होते; सगळेच लिहितात. या वेळी प्रथमच मी चेहरा सोडून मानेकडे पाहिले. ती अंशाअंशाने ढगाळत होती. 'मुखवटा' हे नाम माझ्याजवळ वीस वर्षे होते आणि त्याने मला हे दाखवले नव्हते.

वाङ्मयप्रकारांच्या नावांविषयी येथे थोडे विषयांतर करतो. 'ट्रॅजेडी'ला शोकांतिका म्हणावे की शोकात्मिका, या वादात मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्चली; शोक अंती असावा की आत्म्यात, हा प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. जपानी भाषेने 'हिगेकि', म्हणजे दुःख-नाट्य, असा शब्द वापरात आणला आणि अंताचा प्रश्नच उपस्थित होऊ दिला नाही. अर्थात त्यापूर्वी त्यांच्याकडे ही वर्गवारीच नव्हती. चिकामात्सुच्या (१६५३-१७२५) प्रेमी युगुलांच्या आत्महत्येच्या नाटकांना आपण डोळे मिटून शोकांतिका म्हणू. त्यांच्याकडे ती 'सेवामोनो', म्हणजे समकालीन नागर जीवनाची नाटके, आणि गतकाळातील सरदारांची ती 'जिदाइमोनो'. भेद शेवटाने ठरत नाही, भावनेनेही नाही. नाटक कोणत्या जगात घडते त्यावर ठरतो. चित्रपटाने तोच भेद 'जिदाइगेकि' आणि 'गेन्दाइगेकि' म्हणून पुढे चालवला. आता आपल्या जुन्या जाहिराती आठवाव्यात : पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक. कोणत्याही सिद्धान्ताशिवाय आपल्या नाटक मंडळ्यांनी आणि चित्रसंस्थांनी जी वर्गवारी वापरली ती ॲरिस्टॉटलपेक्षा ओसाका-एदोच्या वर्गवारीला जवळची होती. फळ्यावरच्या माझ्या कोष्टकात ही ओळ कधीच नव्हती, कारण 'सामाजिक' ही संज्ञा मला संज्ञाच वाटली नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. ओझूच्या 'तोक्यो मोनोगातारी' (१९५३) या चित्रपटावर मी नव्वदच्या दशकात एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला होता. त्या लेखाचा कणा शेवटाकडील एक छोटा प्रसंग होता. आई गेली आहे. मोठी भावंडे घाईघाईने, आईच्या वस्तूंची वाटणी उरकून, परतली आहेत. धाकटी मुलगी क्योको संतापलेली आहे. विधवा वहिनी नोरिको तिची समजूत घालते. तेव्हा क्योको जे विचारते ते मी पाहिलेल्या प्रतीत असे उतरले होते की आयुष्य निराशाजनक आहे, नाही का. आणि नोरिकोचे उत्तर एका साध्या होकारात संपत होते. या प्रश्नोत्तरावर मी बावीस पाने उभी केली. 'आयुष्य', 'निराशा' आणि 'होकार' या तीन खांबांवर. बौद्ध अनित्यता, मोनो नो आवारे, स्वीकारशीलता, शान्तरस : सगळे आले.

सहाव्या वर्षी मी तो प्रसंग उपशीर्षके झाकून ऐकला. अर्ध्या मिनिटाचे काम होते. क्योको 'आयुष्य' म्हणतच नाही. ती म्हणते 'यो नो नाका', म्हणजे जगाचे आतले, जग, जनरीत. आणि निराशेचा शब्द कोठेच नाही. शब्द आहे 'इया'. लहान मूल कडू औषध पुढे आल्यावर तोंड फिरवून म्हणते तो 'इया'. दुसऱ्याच धड्यात येतो. नको, नकोसे, शी. आणि नोरिको केवळ 'हो' म्हणत नाही. ती क्योकोचाच शब्द उचलते आणि त्याला 'बाक्कारी' जोडते, म्हणजे 'नुसते तेच, दुसरे काही नाही'. प्रश्नापेक्षा उत्तर कठोर आहे, आणि ते ती हसून देते. मी ज्याला स्वीकार म्हटले होते तो, निदान शब्दांत तरी, स्वीकार नव्हता. सेत्सुको हाराच्या त्या हास्याला मी शान्तरसाच्या खात्यावर जमा केले होते. त्याच्या खाली काय चालले आहे हे पाहण्याची गरजच मला वाटली नव्हती.

उपशीर्षककाराला मी दोष देत नाही. चौकटीत मावेल, दोन सेकंदांत वाचून होईल असे वाक्य त्याने दिले, आणि त्याच्या भाषेत ते शोभते. दोष असा की एका भाषांतरित विशेषणावर मी तत्त्वज्ञान रचले आणि ते ओझूच्या नावावर टाकले. नियतकालिकाला पत्र लिहून दुरुस्ती छापावी असे मनात आले. लिहिले नाही. कोणाच्या लक्षात आले आहे, असा विचार केला. तो चुकीचा होता.

याच सुमारास तोक्योला आठ दिवस जाण्याचा योग आला आणि सेन्दागायातील राष्ट्रीय नो नाट्यगृहात एक प्रयोग पाहिला. नोमध्ये दर्शनी पडदा नाही. नट एका लांब पुलावरून येतो आणि त्याच पुलावरून, संगीत थांबल्यावर, तितक्याच संथपणे जातो. टाळ्या केव्हा वाजवाव्यात हे कळत नाही, वाजवाव्यात की नाही हेही. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी बाहेर पडताना मला, परक्याला, कसे वाटले म्हणून विचारले. यूगेन, हाना, जो-हा-क्यू, सगळे शब्द माझ्याजवळ होते. त्यांतला एकही त्या प्रश्नाचे उत्तर होत नव्हता. मी म्हणालो, "ओमोशिरोकात्ता देसु." पहिल्या महिन्यात शिकवतात ते वाक्य. मजेशीर होते, रंजक होते, छान वाटले. त्यांनी मान हलवली, नटाविषयी 'उमाइ' एवढाच शब्द उच्चारला आणि छत्री उघडून ते निघून गेले.

खोलीवर परतताना मला माझ्या उत्तराची लाज वाटत होती. पुण्याला आल्यावर झेआमीच्या ग्रंथांची सटीप आवृत्ती, शब्दकोश आणि बाई यांच्या मदतीने वाचू लागलो तेव्हा कळले की 'हाना', 'ओमोशिरोइ' आणि नावीन्य या तिन्ही गोष्टी मनाने एकच आहेत, असे त्याने 'फूशिकादेन'मध्येच म्हटले आहे. उत्तरायुष्यातील एका ग्रंथात तो या शब्दाची उपपत्ती सांगतो. सूर्यदेवता अमातेरासु रुसून गुहेत गेली, जग अंधारले. गुहेबाहेर नृत्य झाले, देव हसले, तिने दार किलकिले केले आणि प्रकाशात देवांचे चेहरे पांढरे दिसू लागले. 'ओमो' म्हणजे चेहरा, 'शिरोइ' म्हणजे पांढरा. ही व्युत्पत्ती शास्त्रशुद्ध आहे की लोकव्युत्पत्ती, हा प्रश्न येथे गौण आहे. झेआमी त्या एका घटनेत तीन क्षण वेगळे करतो : जेथे शब्दच नाहीत तो क्षण, उजळण्याचा क्षण, तोच 'हाना', आणि उजळले हे जाणवल्याचा क्षण, तो 'ओमोशिरोइ'. म्हणजे प्रेक्षकाच्या वाट्याला बोलण्यासाठी जो काही शब्द येतो तो हाच. आणि अमातेरासुच्या नावातही मुखवटा उजळवण्याच्या क्रियापदाचाच धातू आहे.

त्या गृहस्थांचा 'उमाइ' हा शब्द मी आधी कितीदा ऐकला होता, पण जेवणाच्या संदर्भात. कुशल आणि चवदार, दोन्हींना तोच. मुरलेल्या नटाला 'चव असलेला नट' असेही म्हणतात. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून देताना सुमनस् प्रेक्षकाला चविष्ट अन्न जेवणाऱ्याच्या शेजारी बसवले आहे. एरवी मी लगेच उठून फळ्यावर एक ओळ वाढवली असती : उमाइ = रस. ती ओळ मी लिहिली नाही. भरताचे वाक्य शास्त्रात आहे, त्या गृहस्थांचे जिभेवर होते. मराठीत आपण नटाला 'चवदार' म्हणत नाही, गाणे मात्र 'गोड' म्हणतो. कोणत्या कलेची चव कोणत्या भाषेत जिभेवर राहिली आणि कोणती ग्रंथात गेली, याचा शोध कोणी तरुण अभ्यासकाने घ्यावा. मला आता तेवढा वेळ नाही.

मागील वर्षी एका विद्यापीठातील विद्यार्थिनी प्रबंधासाठी ओझूवरचा माझा तो लेख मागायला घरी आली. तिच्या टिपणवहीत त्यातला एक परिच्छेद आधीच उतरवलेला होता, कोणाच्या तरी पुस्तकातून, माझ्या नावासह. 'निराशेचा शान्त स्वीकार' हे शब्द तिने अधोरेखित केले होते. मी तिला प्रत दिली. पण दोन दिवसांनी, पेन्सिलीने समास भरल्यावर. 'आयुष्य' खोडून 'जग' लिहिले. 'होकार' खोडला आणि शेजारी नोरिकोचे उत्तर जसे आहे तसे देवनागरीत उतरवले. 'निराशा' खोडल्यावर मात्र अडलो. 'इया'ला आधी 'उबग' लिहिले, तो फार पुस्तकी वाटला. मग 'वीट', त्यात थकवा येतो. क्योको थकलेली नाही, ती तेवीस-चोवीस वर्षांची आहे आणि संतापलेली आहे. शेवटी 'नकोसे' लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह केले. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. 'नकोसे' हे विशेषण जगाला लावता येईल का, असे ती विचारत होती.